भिंतीला खिळा मारायचा नाही

भाच्याला विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात प्रवेश मिळाला. घरात पेढे वाटून झाले आणि दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला, "तू तिथंच असतोस, त्याला एखादी खोली बघून ठेव." संभाजीनगरात पंचवीस वर्षं काढल्यावर माणसाला वाटतं, खोली बघणं म्हणजे काय, गुलमंडीवर जाऊन भजी खाऊन येण्याइतकं सोपं. गेलो. भजी मिळाली.

खोली हा शब्द बाजारातून उठलाय, हे मला एजंटाने सांगितलं. "खोली कोण म्हणतंय सर आता? स्टुडिओ अपार्टमेंट म्हणा." आम्ही शिकत होतो तेव्हा ती सिंगल रूम होती. मग वन आरके झाली. आता तिसऱ्यांदा नाव बदलून स्टुडिओ झालीय. अर्थात नाव बदलण्याबद्दल तक्रार करायची सोय या शहरात कुणालाच नाही. खडकीचं फतेहनगर झालं, फतेहनगरचं औरंगाबाद, आणि २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. पाट्या बदलल्या, पाणी कोणत्या वारी येणार हा प्रश्न आहे तिथंच आहे. खोलीचंही तेच. नाव बदललं, किराया दीड हजाराने चढला, मोरी होती तिथंच राहिली.

ताईला स्टुडिओ बघतोय असं कळवलं, तर ती म्हणाली, "अरे, त्याला शिकायला पाठवलंय, फोटो काढायला नाही."

एजंटाने मोबाइलवर जाहिरात दाखवली. 'विद्यापीठाजवळ, मकबऱ्याचा व्ह्यू, कलाकारांचा सर्वधर्मीय परिसर, हवेशीर स्टुडिओ.' खाली बारीक अक्षरात: 'फक्त फॅमिलीसाठी. शाकाहारींना प्राधान्य. बॅचलरनी फोन करून त्रास देऊ नये.' म्हणजे कलाकार परिसरात असावेत, खोलीत नसावेत.

जाहिरातीचा पहिला भाग खरा होता, हे कबूल करतो. पाणचक्कीजवळच्या महमूद दरवाजातून बेगमपुऱ्यात शिरलं की हा सगळा पट्टा लागतो. बेगमपुरा एका बेगमेच्या नावाचा, पलीकडचे पहाडसिंगपुरा आणि जयसिंगपुरा रजपूत सरदारांच्या नावांचे. एका अंगाला विद्यापीठ, दुसऱ्या अंगाला बीबी का मकबरा, मागच्या डोंगरात बौद्ध लेणी. चहावाला 'हौ' आणि 'नक्को' करतो, भाजीवाली मराठवाडी मराठीत भाव सांगते, आणि दोघांची उधारी एकाच वहीत असते. संध्याकाळी नाट्यशास्त्राची पोरं कट्ट्यावर बसून पाठांतर करतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, भांडण लागलंय. बावन्न पुरे आणि बावन्न दरवाजे अशी या शहराची ख्याती. एवढे दरवाजे असलेल्या गावात एक दार उघडायला काय लागतं, असं मी भाच्याला म्हणालो. तो लहान आहे, त्याने विश्वास ठेवला.

पहिलं दार एका काकांचं. निवृत्त, सज्जन, कपाळाला गंध. आधी चहा झाला.

"नाव काय म्हणलास बाळ?"

भाच्याने नाव सांगितलं.

"पूर्ण सांग की."

त्याने वडिलांचंही सांगितलं.

"आन पुढं?"

पुढचं त्याने सांगितलं. काका दोन क्षण छताकडे बघत राहिले. जात कुणी विचारत नाही हो आता, आपण फार पुढे गेलोय. फक्त आडनाव विचारतात. आडनावावरून उलगडा नाही झाला तर गाव, गावावरून नाही झाला तर मूळ गाव, मग 'तिकडचे अमुक तुमचे कोण लागतात?' आणि तरीही गाडी अडली तर कुलदैवत. एवढा कसून तपास पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती देतानाही होत नाही. तिथं फोटो आणि आधारकार्डावर भागतं.

"माझं स्वतःचं काही नाही बरं का," काका म्हणाले. "आपण असलं मानत नाही. पण शेजारचे ऐकायचे नाहीत."

आता योगायोग बघा. शेजारच्याच घरावर 'किरायाने देणे आहे' अशी पाटी होती. म्हटलं, न ऐकणाऱ्या शेजाऱ्यांनाच भेटू. तिथंही चहा झाला, इलायची घातलेला, पहिल्यापेक्षा चांगला. तिथंही नाव, वडिलांचं नाव, पुढं. मग घरमालक अत्यंत अदबीने म्हणाले, "हमारा तो कुछ नै भाईसाब. लेकिन बाजूवाले काका को चलता नै."

दोन्ही घरांची भिंत एकच. भिंतीच्या दोन्ही अंगांना दोन निष्पाप माणसं राहतात आणि स्वभाव काय तो त्या भिंतीचा वाईट आहे. (तुम्हीही वाचताना मनात तेच विचारताय, भाच्याचं आडनाव काय. सदरावरचं माझं नाव बघून उपयोग नाही. मामा आणि भाच्याचं आडनाव निराळं असतं, ही आपल्याकडची मोठी सोय आहे.)

तिसऱ्या घरी आडनावाच्या आधी पोटाची चौकशी झाली. "नॉनव्हेज?" भाचा प्रामाणिक. "खातो, पण खोलीत करत नाही." मालकीणबाईंनी विचार केला. "करत नसलास तरी खाऊन येशील ना?" ज्या शहराची ख्याती नान-खलियावर पोसली गेली, तिथं पोराच्या पोटात काय आहे याचा पंचनामा दारातच होतो. चौथ्या घरी धंद्याचा प्रश्न आला. मालकांकडे यादी तयार होती: बँकवाला चालेल, कंपनीवाला चालेल, मास्तर तर पळेल. पोलिस नको, वकील नको, पत्रकार नको. "आन हे नाट्यशास्त्र म्हणजे पुढं नोकरी कुठं लागती?" भाचा काही बोलायच्या आत त्यांनी मला विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हटलं, पेपरात सदर लिहितो. बशीतलं दुसरं बिस्कीट त्यांनी आत नेलं.

घरी येताना मला मलिक अंबरची काळजी वाटली. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून बाजारात विकला गेलेला हा माणूस. निजामशाहीचा वजीर झाला आणि १६१० मध्ये त्याने खडकी वसवली. म्हणजे हे शहर. आज तोच बेगमपुऱ्यात खोली बघायला आला असता तर?

"कोण्या गावचे?"

"हबशाण."

"लांबून आलात. आडनाव?"

"अंबर."

"म्हणजे नेमके कोण?"

"नोकरी निजामशाहीत आहे."

"सरकारी म्हणा की! पर्मनंट?"

"सांगता येत नाही. मोगल दर वर्षी येतात."

"माझं काही नाही हो. पण शेजारचे..."

निदान पाण्याची अट त्याला घालता आली नसती. डोंगरातलं पाणी जमिनीखालून खापरी नळांनी शहरात आणणारी नहर त्यानेच बांधली, तिला अजून नहर-ए-अंबरी म्हणतात. चारशे वर्षांपूर्वी पाणी आलं, मग शहर भरलं. आपण शहर आधी भरून घेतलं आणि पाण्याचं नंतर बघू म्हणालो. नव्या पाणीपुरवठा योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं, तेव्हा तिची किंमत १,६८० कोटी होती. पुढे ती २,७४० कोटींवर गेली. आकडा वाढायला पाणी लागत नाही. त्या योजनेत जायकवाडी धरणाहून येणाऱ्या मुख्य जलवाहिनीचा व्यास अडीच हजार मिलिमीटर, म्हणजे आठ फुटांहून जास्त. एजंटाच्या अजून लक्षात आलेलं नाही, नाहीतर रिकामा पाइपही 'स्टुडिओ, गोलाकार, हवेशीर' म्हणून किरायानं गेला असता.

पाचव्या ठिकाणी नशीब उघडलं. मालक घाईत होते, लग्नाला निघाले होते, आडनाव विचारायचं विसरले. थेट खोली दाखवली. जिना लोखंडी, बाहेरून. आत साधारण दहा बाय पंधराचा स्टुडिओ. त्यात पाण्याचा निळा ड्रम आधीच राहायला आलेला होता. "पाणी आठव्या दिवशी येतं, कधी दहाव्या. ड्रम लागतोच." म्हणजे भाचा आल्यावर ड्रम हा सीनियर रूममेट. एका भिंतीला ओटा, ओट्याखाली सिलिंडरची जागा, ओट्यापासून हात लांब केला की कॉट, कॉटवरून पाय लांब केला की बाथरूम. बाथरूमला टाइल्स तीन फुटांपर्यंत आणि वर साधा गिलावा.

गिलाव्याबद्दल मी काही बोललो नाही, कारण त्याला परंपरा आहे. मकबरा तसाच बांधलाय. कमरेच्या उंचीपर्यंत संगमरवर, घुमटाला संगमरवर, मधल्या अंगाला गिलावा. अताउल्ला त्याचा वास्तुकार, ताजमहालाच्या वास्तुकाराचा मुलगा. बापाला शहाजहानचं बजेट मिळालं, मुलाला औरंगजेबाचं. खर्च नोंदलाय ६,६८,२०३ रुपये ७ आणे. त्यातले सात आणे वाचले की पटतं, या गावात बांधकामाचा हिशेब कोण कसा ठेवतं.

किराया साडेसहा हजार. वीज सबमीटरवर, युनिटला दहा रुपये, सरकारी स्लॅब वगैरे वरच्या मजल्याला लागू नाहीत. एवढा किराया का, विचारलं तर एजंट म्हणाला, "ऑरिकमुळं सर. शेंद्र्याला कंपन्या यायल्यात." शेंद्रा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. कंपन्या येतील तेव्हा येतील, भाव मात्र पायी चालत बेगमपुऱ्यापर्यंत पोचले.

मग मालकांनी नियम सांगितले. रात्री दहानंतर गेट बंद. गच्चीवर जायचं नाही. मोठ्यानं बोलायचं नाही. पाहुणे नको. आणि सगळ्यात ठासून सांगितलेला नियम: भिंतीला खिळा मारायचा नाही. "रंग आत्ताच दिलाय. एक खिळा, पाचशे रुपये. डिपॉझिटातून कापणार."

मला हसू आलं, पण ते खोली मिळेपर्यंत आवरायचं असतं. ज्या जिल्ह्याच्या जिवावर आपण जगाला कलेच्या गोष्टी सांगतो, त्या जिल्ह्याचं नाव भिंतींमुळे झालंय. अजिंठ्याचं बारावं लेणं आठवा. तीन बाजूंना मिळून बारा खोल्या, प्रत्येकीत दोन दगडी खाटा, उशाला दगड. कॉट बेसिसचा याहून जुना पुरावा महाराष्ट्रात मला तरी ठाऊक नाही. आणि हे सगळं एका व्यापाऱ्याने दान दिल्याचं तिथल्या शिलालेखात कोरलंय. किराया नाही, डिपॉझिट नाही. शेजारच्या लेण्यांत तर राहणाऱ्यांसाठी भिंतीच्या भिंती रंगवल्या. त्या काळी कुणी म्हणालं असतं, 'भिंतीला हात लावायचा नाही, चुना आत्ताच दिलाय,' तर आज आपल्याकडे पद्मपाणीऐवजी स्वच्छ पांढरी भिंत असती आणि तिचं तिकीट कुणी काढलं नसतं. उलट दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ या तारखेसह चित्रावर आपलं नाव खरवडून ठेवलंय. त्याचं डिपॉझिट कुणी कापलं नाही. उलट लेणी शोधून काढणारा म्हणून त्याला अभ्यासक्रमात घेतलं.

"पाहुणे नको म्हणजे, एकटाच राहणार ना?" मालकांनी पुन्हा विचारलं. भाचा हो म्हणाला, पण मला शंका होती. तो ज्या विभागात शिकणार, त्याच विभागाचे प्रमुख होते प्रा. लक्ष्मण देशपांडे. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये ते एकटे बावन्न पात्रं करायचे. शहराला दरवाजे बावन्न, देशपांडे सरांच्या अंगात माणसं बावन्न. त्यांनी ही खोली घेतली असती तर पहिल्या तालमीलाच मालक जिन्यावरून ओरडले असते, "एकच जण म्हणाला होतात, ही वरात कुठून आली?" माझा भाचा अजून एका पात्रावरच आहे. तेही नीट होत नाही.

आपल्या गावात कलाकारावर प्रेम आहे, फक्त ते परतीच्या प्रवासात आहे. इथूनच चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी 'जिगीषा' ही नाट्यसंस्था घेऊन मुंबईला गेले. मकरंद अनासपुरे इथल्याच नाट्यशास्त्रातून गेला. मोठं होऊन कुणी आलं की आपण शाल देतो, श्रीफळ देतो, भाषणात 'आमच्या मातीतला' म्हणतो. श्रीफळ फोडायला एखादी खोली, तीही उमेदवारीच्या दिवसांत, असा सत्कार अजून कुणी केल्याचं ऐकलेलं नाही.

असो. खोली ठरली. एक महिन्याचं आगाऊ, दोन महिन्यांचं डिपॉझिट, करार अकरा महिन्यांचा, "पाचशेच्या बाँडवर नोटरी करून टाकू, रजिस्ट्री बिजिस्ट्री कशाला?" अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात मांजर आडवं जाण्याइतकी पक्की आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, महिने अकरा असोत की अकराशे. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि खरी गंमत पुढे आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे भाचा उद्या कोर्टात म्हणाला असता, 'किराया साडेसहाशे होता आणि खिळे हवे तितके मारायची मुभा होती,' तर मालकांना आधी घाम पुसावा लागला असता. हे मी त्यांना सांगितलं नाही. खोली मिळेपर्यंत कायदाही आवरायचा असतो.

संध्याकाळी बाँड लिहायला बसलो. लिहिणाऱ्याने आधारकार्ड मागितलं. भाच्याने दिलं. मालकांनी ते सहज हातात घेतलं, चष्मा लावला, कार्ड जरा लांब धरलं, मग जवळ आणलं. आणि त्यांना एकदम आठवलं की गावाकडून त्यांचा मेहुणा राहायला येणार आहे. कायमचा. सहकुटुंब. दहा बाय पंधरात, ड्रमसकट.

"माझं काही नाही हो," ते म्हणाले. "मेहुण्याचं आहे."

हॉटेलात किंवा दुकानात जातीधर्मावरून अडवलं तर राज्यघटनेचं पंधरावं कलम आडवं येतं. किरायाची खासगी खोली त्या यादीत नाही. मेहुणे मात्र कोणत्याही यादीविना येतात.

१९१७ साली बाबासाहेब आंबेडकर अमेरिका आणि लंडनमध्ये शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. संस्थानची नोकरी, कोलंबिया विद्यापीठाचं शिक्षण आणि राहायला खोली नाही. शेवटी पारशी सराईत पारशी नाव लिहून राहिले, रोजचा दीड रुपया. अकराव्या दिवशी लोक लाठ्या घेऊन दारात आले. आपल्याकडे करार अकरा महिन्यांचा असतो, त्यांचा अकरा दिवसांत संपला. त्याच माणसाने १९५० मध्ये या शहरात मिलिंद महाविद्यालय काढलं आणि मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. तो परिसर म्हणजे नागसेनवन, आणि ते आम्ही पालथ्या घातलेल्या पाचही घरांपासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. शंभर वर्षांत एवढा फरक नक्की पडला की लाठी गेली आणि मेहुणा आला.

यावरून भाच्याचं आडनाव ओळखलं असं कुणाला वाटत असेल तर घाई करू नका. त्याला त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंनी नकार आहे, आणि त्या भिंतीवर माझा फार विश्वास आहे. ती कुणातच भेदभाव करत नाही.

सध्या पोरगा माझ्याकडे हॉलमध्ये झोपतो. रात्री अकरा वाजता स्वगत म्हणतो. खालच्या मजल्यावरच्यांनी काल विचारलं, घरात काही वाद चाललाय का? मी म्हटलं, माझं काही नाही हो, नाट्यशास्त्राचं आहे.

तर वाचकहो, बेगमपुरा, पहाडसिंगपुरा, खडकेश्वर, कुठंही चालेल, एखादी खोली असेल तर कळवा. स्टुडिओ म्हणा, रूम म्हणा, किराया वेळेवर देऊ, करार नोंदवू, स्टॅम्पचा खर्च आमचा. मुलगा गुणी आहे, भिंतीला एकही खिळा मारणार नाही. आडनाव बाँड नोंदवून झाल्यावर सांगतो.